कारणांचा रकाना

आमच्या धंद्यात मार्जिन घसरलं की पहिला उपाय ठरलेला असतो: पिरॅमिड दुरुस्त करायचा. प्रोजेक्टच्या एक्सेलमध्ये माणसांच्या श्रेणी वरपासून खालपर्यंत लिहिलेल्या असतात. प्रत्येक श्रेणीसमोर माणसं किती, तासाचा दर किती, कंपनीला खर्च किती. त्यातून आठ-नऊ वर्षांच्या अनुभवाचा एक माणूस उचलायचा, त्याच्या जागी दोन फ्रेशर घालायचे, की तळाचा लाल आकडा हिरवा होतो. हे काम मी बरीच वर्षं करतोय आणि चांगलं करतो. चांगलं करतो म्हणूनच त्या पत्रकात माझी ओळ वर सरकत गेली.

त्यातली सगळ्यात खालची ओळ जरा उलगडून बघू. आकडे कुठल्या एका कंपनीचे नाहीत, पण बाजाराला धरून आहेत. फ्रेशरच्या भारतातल्या कामाचा दर तासाला वीस डॉलर धरा. दिवसाचे आठ तास, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे ३,२०० डॉलर. डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरला तर २,७२,००० रुपये. क्लायंट त्या पोराच्या एका महिन्याचे जवळजवळ पावणेतीन लाख मोजतो, आणि त्या पोराचं वर्षाचं पॅकेज साडेतीन लाख. सव्वा महिन्यात वर्ष वसूल.

लगेच मुठी आवळायचं कारण नाही. मधल्या पैशात पुष्कळ गोष्टी बसतात. त्याचं ट्रेनिंग, प्रोजेक्ट नसतानाचे बेंचवरचे महिने, हिंजवडीतली इमारत, बस, लायसन्स, अमेरिकेत बसून धंदा आणणाऱ्यांचे पगार, कर. मोठ्या कंपन्यांचं ऑपरेटिंग मार्जिन वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतं. ते कमी नाही, पण सगळा फरक मालकच खातो असंही नाही. बराचसा पैसा पिरॅमिडमध्येच वर चढतो. त्यात माझा पगार आहे. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आणि मुलीच्या शाळेची फी त्यातूनच जाते.

खरं सांगायचं तर हा हिशेब मला कधी टोचला नाही. धंदा आहे, धंद्यात हिशेब असायचाच. टोचतं ते निराळंच. इंटरव्ह्यू पॅनेलवर बसलो की मी हिशेबाची भाषा विसरतो आणि लायकीची भाषा बोलायला लागतो. समोरच्या पोराला साडेतीन लाख का? तर त्याला अजून काही येत नाही म्हणून. मला त्याच्या दहापट का? तर मी ते कमावलंय म्हणून. एक्सेल उघडं असताना मला पक्कं ठाऊक असतं की ही दोन्ही वाक्यं, जेवढ्या ठसक्यात मी म्हणतो, तेवढी खरी नाहीत.

मग मी काय कमावलं, हे एकदा नीट तपासायला हवं.

मी २००५ च्या बॅचचा. सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात मेकॅनिकलला होतो. (वसंतदादांच्या सरकारने १९८३ साली अशा कॉलेजांना परवानगी दिली नसती तर आमच्या घरात इंजिनिअर झाला नसता. त्या धोरणाला नावं ठेवणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचीही शिरगणती करावी.) शेवटच्या वर्षी कॅम्पसला कंपन्या आल्या तेव्हा हॉस्टेलवर शकुंतलादेवींच्या कोड्यांच्या झेरॉक्स फिरत होत्या. परीक्षेत कोडी, थोडं इंग्रजी, मग 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'. प्रोग्रामिंगचा एकही प्रश्न नाही. सी भाषेतला पॉइंटर म्हणजे काय हे मला त्या दिवशी धड सांगता आलं नसतं, आणि कंपनीलाही त्याची फिकीर नव्हती. तिला अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या जुन्या सिस्टिम सांभाळायला माणसं हवी होती. काही महिने पगार देऊन, एसी खोलीत बसवून त्यांनी आम्हाला कोबोल शिकवलं. गिअरबॉक्सचं ड्रॉइंग काढणारी मुलं प्रीमियमच्या हिशेबातल्या चुका शोधायला लागली.

पुढे २००८-०९ ची मंदी आली. आमच्या शेजारच्या टीमचा क्लायंट बँक होती, आमची विमा कंपनी. ते बेंचवर गेले आणि बेंचवरून घरी गेले, आम्ही राहिलो. त्या टीममध्ये दोघं असे होते की ज्यांच्याकडे आम्ही अडलं की जायचो. त्यांना जावं लागलं, आणि त्यांना विचारून काम उरकणारा मी 'मंदीत टिकलेला माणूस' झालो. पुढची कित्येक वर्षं हे वाक्य मी इंटरव्ह्यूत वापरलं.

मग ऑनसाइट. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाचे अर्ज मर्यादेपेक्षा जास्त आले आणि सोडत निघाली. वर्षाला ८५,००० व्हिसे, बाकीचे अर्ज परत. माझं नाव लागलं, माझ्याबरोबरच्या मुलीचं लागलं नाही. काम आम्ही दोघं एकच करत होतो. मी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डला गेलो, तिथेही तेच काम केलं, फक्त पगार डॉलरमध्ये मिळाला. चार पैसे मागे पडले, त्यातून घर झालं. तिने पुण्यात राहून, मला वाटतं, माझ्यापेक्षा जास्त शिकून घेतलं. आज आमच्या पगारात मोठा फरक आहे आणि त्या फरकाला आम्ही दोघंही 'अनुभव' म्हणतो.

मेहनत केली नाही असं नाही. रात्री दोनच्या कॉलवर बसलोय, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला प्रोडक्शन बंद पडलं म्हणून ओल्या अंगाने लॅपटॉप उघडलाय. पण मेहनत शेजारच्या टीममधल्या त्या दोघांनीही केली होती. माझी बाकी सगळी पुंजी मोजली तर तिच्यात जन्मसाल, क्लायंट आणि सोडत यांचा वाटा मोठा निघतो. हे कबूल करायला मला वीस वर्षं लागली याचं कारण सोपं आहे: कबूल करण्याची गरजच पडली नाही.

आता आजच्या पोरांकडे बघू. मी लागलो त्यानंतर थोड्याच वर्षांत, २००८ च्या सुमाराला, मोठ्या सेवा कंपन्या फ्रेशरला वर्षाला तीन लाखांच्या आसपास द्यायच्या. आजही सगळ्यात मोठी भरती ज्या श्रेणीत होते तिथला आकडा साडेतीनच्या अलीकडे-पलीकडे आहे. मध्यंतरी सात लाख, नऊ लाख अशा वेगळ्या श्रेणी निघाल्या, कोडिंगच्या परीक्षेत पुढे येणाऱ्यांसाठी. पण तळ जागचा फारसा हलला नाही. २००८ च्या जानेवारीत डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता. तो दुपटीहून वर गेला आणि त्यातलं फारसं काही तळाच्या ओळीपर्यंत उतरलं नाही. दर डॉलरमध्ये फारसे वाढले नाहीत, क्लायंट दरवर्षी सूट मागतात, हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण ही उत्तरं मीच देतो.

माझ्या टीममधल्या एका मुलाने इन्कम टॅक्सचं काही विचारायला म्हणून पगाराची स्लिप दाखवली. पॅकेज साडेतीन लाख, म्हणजे कागदावर महिना २९,००० च्या वर. त्यातून कंपनीच्या हिश्शाचा पीएफ आधीच वजा, कारण तोही पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीही पॅकेजात धरलेली, जी पाच वर्षं टिकला तर मिळणार. मेडिक्लेमचा हप्ता. 'व्हेरिएबल' नावाचा एक तुकडा, तो कंपनीची तिमाही बरी गेली तर. मग त्याचा स्वतःचा पीएफ, दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स, फेब्रुवारीत तीनशे. हातात तेवीस-चोवीस हजार. वाकडला दोघांच्या खोलीतली कॉट नऊ हजार. डबा साडेतीन हजार. एज्युकेशन लोनचा हप्ता सहा हजार. उरलेल्यात पेट्रोल, मोबाइल आणि घरी पाठवायचे पैसे. त्याने तक्रार केली नाही. त्याला फक्त एवढंच हवं होतं की कापलेला काही टॅक्स परत मिळतो का. इन्कम टॅक्स कापलाच गेला नव्हता. तेवढं उत्पन्नच नव्हतं.

तो मुलगा मी २००५ साली होतो त्याहून कितीतरी हुशार आहे, हे मी अंदाजाने म्हणत नाही. त्याला पॅनेलवरून मीच घेतला. ऑनलाइन टेस्ट, त्यात दोन प्रोग्राम, मग टेक्निकलच्या दोन फेऱ्या, मग मॅनेजरची, मग एचआर. डेटा स्ट्रक्चर, एसक्यूएल, क्लाउडचं एक सर्टिफिकेट, गिटहबवर दोन प्रोजेक्ट. मला त्या फेरीत आज बसवलं तर मी पहिल्या टेस्टलाच बाहेर पडेन. पॅनेलवरच्या आम्हा तिघांनाही हे माहीत असतं. चहाच्या सुट्टीत त्यावर आम्ही हसतो, आणि पुढचा कँडिडेट आला की पुन्हा गंभीर चेहरा करून विचारतो, 'बेसिक्स इतके कच्चे कसे?'

गेल्या पावसाळ्यातल्या ड्राइव्हमधली एक मुलगी डोक्यातून जात नाही. लातूरकडची. कॉम्प्युटर इंजिनिअर, चारही वर्षं फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. बायोडेटात पास झाल्यापासून दीड वर्षाहून जास्त काळ कोरा. आमच्या फॉर्मवर त्यासाठी प्रश्न छापलेलाच असतो, तो मी विचारला: एवढा गॅप का? तिने फाइलमधून एक कागद काढला. एका कंपनीचं ऑफर लेटर. त्याखाली जॉइनिंगची तारीख पुढे ढकलल्याच्या मेलच्या प्रिंट, एकामागून एक. शेवटच्या मेलमध्ये 'बिझनेस रिक्वायरमेंटनुसार' कळवू असं होतं. ती म्हणाली, "सर, मी गॅप घेतला नाही. मला थांबा म्हणाले होते." या काळात तिने दुसरी नोकरी का धरली नाही, हा माझा पुढचा प्रश्न होता. तोही फॉर्मवर आहे. मी तो विचारला. ती म्हणाली, ऑफर हातात असताना दुसरीकडे जाणं बरं दिसलं नसतं, आणि वडिलांनी गावात पेढे वाटले होते.

तिचं टेक्निकल बरं होतं. ज्या दोन जागांसाठी आम्ही तीस-चाळीस मुलं बोलावली होती, त्या दोन जागा दुपारपर्यंत भरल्या होत्या. माझ्या शीटवर तिच्या नावापुढे मी कारण निवडलं: 'कम्युनिकेशन'.

या रकान्याकडे मी परत येईन. आधी बाजाराबद्दल बोलायला हवं, नाहीतर सगळं स्वतःवर ओढून घेण्याचीही एक चैन असते.

२०२१-२२ मध्ये जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. कोविडमध्ये सगळ्या जगाला एकदम सगळं ऑनलाइन हवं झालं, अमेरिकेत व्याजदर शून्याला टेकलेले होते, पैसा स्वस्त होता. एकट्या टीसीएसने त्या आर्थिक वर्षात लाखभर फ्रेशर घेतले. इन्फोसिसचा नोकरी सोडून जाण्याचा दर २०२२ च्या जूनच्या तिमाहीत २८.४ टक्क्यांवर गेला होता, म्हणजे दर सात माणसांत वर्षाकाठी दोघं चालते होत होते. नव्वद दिवसांच्या नोटिस पिरियडचा पोरांनी पुरेपूर वापर केला. एक ऑफर दाखवून दुसरी, दुसरी दाखवून तिसरी. जॉइनिंगच्या दिवशी माणूस यायचाच नाही. त्या दिवसांत 'या पिढीला निष्ठा नाही' हे वाक्य मी मीटिंगमध्ये बोललोय. आणि त्याच दिवसांत, दिवाळीच्या आसपास, मी स्वतः एक बाहेरची ऑफर आणून, ती साहेबांना दाखवून, पगार वाढवून घेतला. माझ्या बाबतीत त्याला 'रिटेन्शन' म्हणतात.

मग २०२२ च्या मार्चपासून अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर चढवत गेली, वर्ष-सव्वा वर्षात ते पाच टक्क्यांच्या वर गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० माणसं काढली, जानेवारीत गूगलने १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,०००. इकडे २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. २०२४ च्या मार्चला संपलेल्या वर्षात टीसीएसची माणसं तेरा हजारांहून जास्त कमी झाली. २००४ साली शेअर बाजारात आल्यापासून वर्षाअखेर आकडा घटण्याची ती पहिलीच वेळ. या कशालाच मी जबाबदार नाही. मी पुण्यात बसून वॉशिंग्टनचे व्याजदर ठरवत नाही.

एआयचंही तसंच, पण अर्धंच तसं. आम्ही फ्रेशरला पहिलं वर्ष जे काम द्यायचो, म्हणजे टेस्ट केस लिहिणं, लॉग वाचणं, किरकोळ बग, ते काम आता यंत्राकडून बरंचसं होतं. ते मी घडवलं नाही. पण क्लायंट म्हणाला, एआय आहे तर दर कमी करा. त्यावर नवीन प्रपोजलमध्ये खालच्या ओळीतली माणसं निम्म्यावर आणण्याचं काम माझ्या हाताने झालं. वरच्या ओळी मी तशाच ठेवल्या. माझ्या कामातलाही बराच भाग — स्टेटस रिपोर्ट, मीटिंगचे मिनिट्स, अंदाजपत्रकं — तेच यंत्र करतं, आणि खरं म्हणजे माझ्यापेक्षा नीट करतं. पण कुठली ओळ कापायची हे ठरवणारा माउस माझ्या हातात होता. स्वतःची ओळ स्वतः कोण कापतो?

कॉलेजवाले मला भाषणाला बोलावतात. 'इंडस्ट्री एक्सपर्ट'. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स होता: 'हायेस्ट पॅकेज ४० लाख'. खाली एका मुलाचा हसरा फोटो. बाकीच्या शेकडो मुलांचा मधला आकडा काय, ते कुठेही नव्हतं. ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या सरांना मी हळूच विचारलं, ते म्हणाले, "सर, ते छापलं तर ॲडमिशन कोण घेणार?" शिवाय २०२४ पासून एआयसीटीईने एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादाही काढली, त्यामुळे चांगली घडी बसलेल्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. मी स्टेजवर गेलो. शाल-श्रीफळ घेतलं. 'स्किल्स असतील तर जॉब्जची कमी नाही' असं म्हणालो. टाळ्या पडल्या. समोर पाच-सहाशे पोरं बसली होती आणि त्या वर्षी आमच्या कंपनीने त्या कॉलेजातून किती घेतली होती ते मला माहीत होतं. एकही नाही.

ते खोटं होतं का? मी पुष्कळ विचार केला. स्किल असलेल्याला शेवटी काही ना काही मिळतं, इतपत ते खरं आहे. पण त्या वाक्यात एक चोरी होती. जागा नाहीत हे न सांगता, नोकरी नाही मिळाली तर दोष तुझ्या स्किलचा, एवढं मी त्या पोरांच्या पदरात बांधून आलो. कर्वेनगरापासून हडपसरपर्यंत फेक एक्स्पिरियन्सची लेटरं विकणाऱ्या कन्सल्टन्सी चालतात, त्यांचं गिऱ्हाईक कोण? दोन वर्षांच्या अनुभवाशिवाय कुणी उभं करत नाही आणि पहिला अनुभव कुणी देत नाही, अशात सापडलेली हीच मुलं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये असा एखादा पकडला जातो तेव्हा आम्ही त्याला कायमचा ब्लॅकलिस्ट करतो. करायलाच हवं. पण दोन वर्षांचा अनुभव हवा ही अट जाहिरातीत कोणी घातली होती? त्या कामाला तो अनुभव लागत नव्हता. येणाऱ्या अर्जांची चाळणी करायला तो सोयीचा होता.

इथपर्यंत लिहिलं आणि एक प्रश्न आडवा आला, तो टाळून पुढे जाता येत नाही. हे सगळं मला आत्ताच का सुचतंय? पिरॅमिड मी २०१५ सालीही दुरुस्त करत होतो. पगाराचा तळ तेव्हाही तिथेच होता. बेल कर्व्ह भरायचा म्हणून दहा जणांत एकाला खालचं रेटिंग तेव्हाही द्यायचो, आणि 'तुझ्यात पोटेन्शियल आहे, पण' असं सुरू होणारं फीडबॅकचं वाक्य तेव्हाही पाठ होतं. झोप लागत होती.

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त असतील असंही सांगितलं. ती माझी कंपनी नाही, पण ती माझी ओळ आहे. वीस वर्षं अनुभव, पगार भरपूर, हाताने कोड लिहिणं केव्हाच सुटलेलं. त्या रात्री मी माझाच पगार एक्सेलमध्ये घालून बघितला. माझ्या जागी तीन चांगली माणसं येतात. मीच माझा मॅनेजर असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला अर्ध्या मिनिटात मिळालं.

तेव्हा माझ्या या आत्मचिंतनात भीतीचा मोठा हिस्सा आहे, हे मान्य. कुऱ्हाड आपल्या फांदीला लागल्यावरच झाड दिसलं. पण भीतीने उघडले म्हणून डोळ्यांना दिसलेलं खोटं ठरत नाही. एवढंच की फार टेंभा मिरवू नये.

माझी मोठी बहीण सांगलीला असते. तिच्या मुलाने यंदा सीईटी दिली. कॅप राउंडच्या आधी तिचा फोन आला, कॉम्प्युटर टाकायचं की इलेक्ट्रॉनिक्स? मी भाच्याला त्या स्लिपचं गणित सांगितलं, पॅकेज आणि हातात येणारी रक्कम, कॉटचं भाडं, लोनचा हप्ता, सगळं. ताई स्पीकरवर ऐकत होती. चिडली. "स्वतः सगळं करून बसलास आणि आता पोराला घाबरवतोस होय रे? तुला कुणी असं सांगितलं असतं तर गेला असतास का?" मी म्हणालो, नसतो गेलो कदाचित, आणि चूक झाली असती. "मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने पहिल्या पसंतीला कॉम्प्युटर टाकलं. त्याला कोडिंग खरंच आवडतं, शाळेपासून. निदान हे एक कारण माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मला नोकरी सोडायची नाही. पगार कमी करा असं मी साहेबांना सांगणार नाही, आणि सांगितलं तरी ती रक्कम तळाच्या ओळीला जाणार नाही, हे मला माहीत आहे. फ्रेशरचं पॅकेज वाढवा म्हणून मी फायनान्सला एक मेल केला होता. 'मार्केट रेटनुसार आहे' एवढं उत्तर आलं आणि मी दुसरा मेल केला नाही. भाषणांना जाणं थांबवलंय, पण त्यातही त्याग काही नाही, शनिवार मोकळा मिळतो.

राहता राहिला तो रकाना. आमच्या पोर्टलवर कँडिडेटला नाकारलं की कारणांची यादी उघडते. टेक्निकल स्किल्स अपुरी. कम्युनिकेशन. ॲटिट्यूड. कल्चर फिट. पगाराची अपेक्षा जास्त. अदर. या यादीत 'जागा नव्हती' असं कारणच नाही. म्हणजे आम्ही नाकारलेल्या प्रत्येक मुलात, आमच्या नोंदीप्रमाणे, काहीतरी कमी होतं. ही नोंद पुसली जात नाही. सहा महिन्यांनी तेच पोर पुन्हा अर्ज करतं तेव्हा स्क्रीनवर आधी ती ओळ येते आणि माझ्याच जागी बसलेला दुसरा कुणी विचारतो, 'मागच्या वेळी कम्युनिकेशनमध्ये गेला होता ना?' लातूरच्या त्या मुलीच्या नावापुढे ती ओळ मी घातली आहे. ती नीट, मुद्द्याला धरून, माझ्यापेक्षा बऱ्या इंग्रजीत बोलली होती. एचआरकडे मी ती नोंद बदलायला सांगितली. एकदा सबमिट झालं की एडिट होत नाही म्हणाले.

त्यानंतरच्या ड्राइव्हला मी नाकारलेल्या मुलांपैकी ज्यांना खरोखर काही येत नव्हतं त्यांच्यापुढे 'टेक्निकल' टाकलं. असेही बरेच होते, ते सोडून द्यायचं कारण नाही. बाकीच्यांपुढे 'अदर' निवडून त्यासमोरच्या चौकटीत लिहिलं: पात्र आहे, जागा नव्हती. संध्याकाळी एचआरच्या मुलीचा टीम्सवर मेसेज आला. बिचारी स्वतः दोन वर्षांपूर्वी लागलेली, तिचंही पॅकेज मला साधारण माहीत आहे. "सर, 'अदर' जास्त झालं तर डॅशबोर्ड रेड होतो आणि मला एक्सप्लनेशन द्यावं लागतं. प्लीज लिस्टमधलंच एखादं सिलेक्ट कराल का?"

मी तिला म्हटलं, एक्सप्लनेशन मी देतो, माझं नाव टाक. तिने टाकलं. अजून कुणी विचारलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा ड्राइव्ह आहे, आणि त्याच महिन्यात माझं अप्रेझलही.